स्वप्नातल्या शेळ्या

पंचतंत्रातल्या त्या कंजूस ब्राह्मणाला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत. भिक्षेतून उरलेल्या सातूच्या पिठानं त्याचं मडकं भरलं. ते त्यानं खुंटीला टांगलं, खाली खाट टाकली आणि मडक्याकडे टक लावून हिशेब सुरू केला. दुष्काळ पडला की या पिठाचे शंभर रुपये होतील. त्यात दोन शेळ्या येतील. शेळ्या सहा-सहा महिन्यांनी वितील, कळप होईल. मग गाई, मग म्हशी, मग घोड्या, मग सोनं, मग चौसोपी वाडा. कुणीतरी आपली रूपवान मुलगी देईल. मुलगा होईल, त्याचं नाव सोमशर्मा. तो रांगत घोड्यांच्या टापांपाशी जाईल, मी बायकोला हाक मारीन, कामाच्या गडबडीत तिला ऐकू येणार नाही, मग मी उठून तिला लाथ घालीन. लाथ खरोखरच बसली, पण मडक्याला. सोमशर्म्याचे वडील पिठानं पांढरेफटक झाले.

शाळेत या गोष्टीचं तात्पर्य ठरलेलं असतं: मनातले मांडे खाऊ नयेत. मला या तात्पर्यात त्या ब्राह्मणावर अन्याय झालेला दिसतो. दोन शेळ्यांपासून कळप वाढवणं ही वेडगळ कल्पना नाही. महाराष्ट्रात बचत गटातून कर्ज काढून बायका आजही नेमकं हेच करतात, आणि त्यातल्या काहींचं घर त्यावर उभं राहतं. खोट त्याच्या हिशेबात दुसरीकडेच आहे. त्या अख्ख्या मनोराज्यात एकही शेळी मरत नाही. रोग येत नाही, लांडगा येत नाही, बाजारात दलाल भेटत नाही. दुष्काळात पिठाला भाव येईल हे त्याला अचूक कळलं, पण त्याच दुष्काळात शेळ्यांना चारा कुठून आणायचा, हे काही सुचलं नाही. एवढ्या मोठ्या स्वप्नात त्याला आडवं जाणारं माणूस एकच होतं, ती बायको. आणि तिला त्यानं लाथेनं बाजूला केलं.

म्हणून दिवास्वप्नं चांगली की वाईट, हा वाद मला निरुपयोगी वाटतो. विचारायचे प्रश्न दोनच आहेत. स्वप्नात अडचणीला शिरकाव आहे का? आणि त्याची किंमत कोण मोजतंय?

पहिल्या प्रश्नाआधी एक गोष्ट मान्य करू. मन भरकटणं हा चारित्र्याचा दोष नव्हे. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिलं, की माणूस समोरचं काम सोडून नुसता पडून असतो तेव्हा मेंदूतले काही ठरावीक भाग कामाला लागलेले असतात. जुन्या आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याच्या शक्यता आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचे अंदाज, हा सगळा व्यवहार तिथला. ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं मास्तर ओरडतात तेव्हा पोरगं उत्तर देऊ शकत नाही, पण त्याच्या डोक्यातली गिरणी बंद नसते.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून २०१० सालचा एक अभ्यास हमखास पुढे केला जातो. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसातून अवेळी फोनवरून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेली माणसं एकूणात कमी सुखी होती. या निष्कर्षावर ‘वर्तमानात जगा’ छापाची किती व्याख्यानं उभी राहिली असतील कोण जाणे. पण त्याच आकड्यांत हेही आहे, की ज्यांचं मन सुखद गोष्टींकडे गेलं होतं, ती माणसं कामात लक्ष असलेल्यांपेक्षा काही दुःखी नव्हती. जाच होता तो अप्रिय किंवा धड ना सुखद ना दुःखद अशा विचारांत भरकटण्याचा. जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञानं तर १९६० च्या दशकापासूनच दिवास्वप्नांचे प्रकार वेगवेगळे मांडले होते: रचना करणारं, अपराधानं आणि अपयशाच्या भीतीनं पोखरणारं, आणि कशावरच न टिकणारं. तिन्हींना एकच नाव देऊन एकच शिक्षा करणं हे आपलं काम.

आता रचना करणाऱ्या स्वप्नाची आपल्याच गिरगावातली हकिगत पाहू.

१९११ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके नावाचे चाळिशी ओलांडलेले गृहस्थ बेकार होते. जे. जे. मध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो काढले, प्लेगात पहिली बायको गमावली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, आणि भागीदारांशी न पटल्यानं त्यातूनही बाहेर पडले. अशा अवस्थेत ते एका तंबू-थिएटरात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहायला बसले. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनीच लिहून ठेवलं आहे, की पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या मनाच्या पडद्यावर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या हलत होती. दिवास्वप्नाची याहून स्वच्छ नोंद मराठीत क्वचितच सापडेल. डोळे उघडे, दिवा मालवलेला, समोर एक आणि आत भलतंच.

अशी स्वप्नं त्या काळात इतरांनाही पडली असणार. चित्रपट पाहून बाहेर पडताना ‘आपल्याकडेही असं काही व्हायला हवं’ असं म्हणणारे त्या रात्री गिरगावात काही कमी नसतील. फाळक्यांचं वेगळेपण दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. ते हाताला लागेल तो चित्रपट पाहू लागले, फिती तपासू लागले, इतके की डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथं ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकानं आधी त्यांना परावृत्तच केलं: इंग्लंडातच किती जण या धंद्यात बुडाले, हिंदुस्थानच्या हवेत कसं जमायचं! त्यांनी हे ऐकून घेतलं, आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्येक खातं फिरून पाहिलं. विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि दोन महिन्यांत परत आले.

पुढचा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तोच सांगताना लोक घाईत उरकतात. परतल्यावर फाळक्यांनी रामाला हात घातला नाही, कृष्णालाही नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. समोर कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभर एक-एक चौकट टिपत राहिले. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो, हे सगळं पडद्यावर मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट. तो त्यांनी निवडक लोकांना दाखवला, आणि मग कर्ज द्यायला माणसं पुढे आली. अयोध्येचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाला वाटाण्यापाशी थांबावं लागलं, कारण त्याच्याकडे पैसा नव्हता आणि सावकाराला त्याच्या मनातलं गोकुळ दिसत नव्हतं. अडचण आली आणि स्वप्नानं आपला आकार बदलला. तोंड मात्र फिरवलं नाही.

३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीतल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याला उभं केलं होतं. मूळ स्वप्नात मिशा काढलेली तारामती नक्कीच नसणार.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी नेमक्या याच मुद्द्यावर आयुष्य घालवलं आहे. त्यांच्या २००२ च्या एका अभ्यासात विद्यापीठातून नुकते बाहेर पडलेले तरुण होते, नोकरी शोधणारे. छान नोकरी लागल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत होते, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना आजवरच्या अनुभवावरून ‘मला नोकरी मिळेल’ असा भरवसा होता, त्यांचं मात्र बरं झालं. म्हणजे आशा वेगळी आणि फळाची आगाऊ चव वेगळी. ओटिंगेन यांच्या पुढच्या प्रयोगांतून असं दिसलं, की अशी गोड चित्रं पाहिल्यावर अंगातला जोर ओसरतो. काम झालंच आहे, अशा थाटात शरीर सैलावतं. त्यांचा उपाय साधा आहे: हवं ते मनात आणा, ते मिळाल्यावर कसं वाटेल ते पाहा, आणि लगेच, त्याच दमात, आपल्यातलीच कोणती गोष्ट आड येते ते पाहा. क्रमही महत्त्वाचा. आधी अडचण आणि मग स्वप्न असं केलं, तर तो परिणाम मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न, किमतीचा. फाळक्यांच्या गोष्टीत एक पात्र सतत उन्हात उभं आहे. त्यांची पत्नी सरस्वतीबाई फाळके. चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, आणि रात्री फिल्मला भोकं पाडायची, रसायनात ती धुवायची. दागिनेही गहाण पडले ते त्यांचेच. १९६९ पासून देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दादासाहेब फाळके यांच्या नावानं दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव आपल्याला कळतं ते बहुधा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट पाहिल्यामुळे. त्या या स्वप्नात स्वखुशीनं सामील होत्या, असंच आपण वाचत आलो आहोत आणि ते खरंही असेल. पण पंचतंत्रातल्या बायकोनंतर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: एका माणसाला स्वप्न पाहण्याची मोकळीक मिळते, तेव्हा घरात कोण जागं असतं? मराठी घरांत स्वप्नाळू पुरुषांची कौतुकं पुष्कळ झाली. त्यांचं वाणसामान कोण भरत होतं, त्याच्या कथा कमी.

आणि उत्तर आयुष्यात खुद्द फाळक्यांचं स्वप्नही अडचणीचं ऐकेनासं झालं, असं माझं मत आहे. स्वतःच्या कंपनीत भागीदारांशी भांडण, मग काशीला प्रयाण, मग पुन्हा परत. बोलपटाचं युग आलं, तरी त्यांच्या कल्पनेतला चित्रपट मूकपटाचाच राहिला. १९३७ चा ‘गंगावतरण’ दोन वर्षं खाऊन गेला, खर्च अडीच लाखांच्या घरात, आणि चालला नाही. ज्या माणसानं एकदा वाटाणे पेरून दाखवले होते, त्यानं या वेळी थेट गंगाच आणली.

बायकांच्या स्वप्नांची जागा कुठे होती, हे पाहायचं तर जात्यापाशी जावं लागतं. पहाटेच्या अंधारात हात दळतोय, मन मोकळं आहे, आणि ओवीत माहेर येतंय, भाऊराया येतोय, पंढरीची वाट येतेय. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. दिवास्वप्नांचा एवढा मोठा साठा जगात इतरत्र असेल, असं मला वाटत नाही. या ओव्यांत सासुरवासही आहे, कष्टही आहेत. माहेराच्या चित्रात सासरचा उंबरा पुसला जात नाही. स्वप्न आणि अडचण एकाच ओवीत नांदतात.

इथं एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. जातं हे काम शरीराला थकवणारं होतं, पण मनाला बांधून ठेवणारं नव्हतं. सगळ्याच कष्टांचं असं नसतं. कारखान्यात पॉवर प्रेसवर उभ्या असलेल्या कामगाराची तंद्री लागली, तर बोट जातं. दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मुलीला मधल्या चार सेकंदांचाही हिशेब द्यावा लागतो. गरिबानं स्वप्नं पाहू नयेत असा उपदेश करणाऱ्यांनी आधी हे पाहावं, की त्याला तेवढी निवांत मिनिटं कुणी ठेवली आहेत का. जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली हे चांगलंच झालं; पाट्या-जात्याचं कौतुक ज्यांनी दळलं नाही त्यांनीच जास्त केलं आहे. वाचलेला वेळ कुठे गेला, हा मात्र खरा प्रश्न आहे.

आज तो वेळ हातातल्या पडद्यावर जातो. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये पूर्वी अर्धे डबे खिडकीबाहेर पाहत असत. आता माना खाली आहेत. लोक म्हणतात, हेही मन भरकटणंच की. मला ते पटत नाही. रील पाहताना जे दिसतं ते दुसऱ्यानं रंगवलेलं, दुसऱ्याच्या घरातलं, दुसऱ्याच्या सहलीतलं. त्यात आपली एकही शेळी नाही, मग तिच्या मरणाचा विचार तरी कशाला येईल? कंटाळा यायच्या आत पुढचं चित्र हजर होतं, आणि कंटाळ्याशिवाय स्वतःचं स्वप्न सुरू होत नाही.

दुसऱ्या टोकालाही काही माणसं असतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं बरोबर नाही. हैफा विद्यापीठातले एली सोमर यांनी २००२ साली अशा लोकांचं वर्णन केलं, जे दिवसाचे तासन्‌तास स्वतः रचलेल्या कथेत राहतात, येरझारा घालत, संगीत लावून, आणि बाहेर येऊ पाहिलं तरी येता येत नाही. या अवस्थेला आजारांच्या अधिकृत यादीत अजून जागा नाही. पण घरात असं कुणी असेल, तर ‘शेखचिल्ली’ म्हणून हसण्यापेक्षा समुपदेशकाकडे नेलेलं बरं. बहुतेकदा त्या कथेत राहायला जाण्याचं कारण बाहेरच्या घरात सापडतं.

मग समतोल कसा साधायचा? ‘तासभर स्वप्न पाहा, आठ तास काम करा’ हे उत्तर वेळापत्रकाचं झालं. माझ्या मते समतोलाचं खरं उदाहरण ताराबाई मोडकांचं आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. त्या गिजुभाईंच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचं नावच ‘दिवास्वप्न’. वर्ग प्रयोगशाळेसारखा वापरणाऱ्या शिक्षकाची ती कथा, आणि तिच्यात साहेब, सहशिक्षक, पालक सगळे आडवे येतात. पुढे १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. छान खोली, नेटकं साहित्य आणि वेळेवर येणारी मुलं हे माँटेसोरीचं मूळ चित्र तिथं चालेना. वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नव्हती. म्हणून बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे आले. आदिवासी मुलं गुरं घेऊन कुरणात जात, तर शाळाही कुरणात गेली. मूळ स्वप्नातलं जवळजवळ प्रत्येक सामान बदललं. स्वप्न तेच राहिलं, किंबहुना मोठं झालं. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी होतं.

हे सगळं मला सांगावंसं वाटलं ते पुण्यातल्या सदाशिव पेठेकडे आणि नारायण पेठेकडे पाहून. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी, स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेत चौदा-चौदा तास काढणारी मुलंमुली. जागा काही शे, अर्ज काही लाख. त्यांच्या टेबलावर चिकटवलेलं स्वप्न अजूनही लाल दिव्याच्या गाडीचं असतं. गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले, स्वप्नातले नाही झाले. या मुलांवर दर आठवड्याला प्रेरणादायी भाषणांचा मारा होतो, आणि त्या भाषणांत एकही शेळी मरत नाही. पोस्ट निघालेल्याचा सत्कार होतो, तो ‘मोठी स्वप्नं पाहा’ म्हणतो, टाळ्या पडतात. न निघालेले शेकडो जण त्याच टाळ्यांत असतात. गावाकडे त्यांच्या खोलीभाड्यासाठी कुणाची तरी सोयाबीन पडत्या भावात विकली गेलेली असते. ओटिंगेन ज्याला जोर ओसरणं म्हणतात, ते इथं सभागृह भरून चाललेलं असतं.

त्या मुलांनी स्वप्न सोडावं असं मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण किती अटेम्प्ट देणार, त्यानंतर काय करणार, आणि तोवर पैसे कोण पाठवणार, हे पहिल्या वर्षीच घरच्यांसमोर बसून, आईला आणि बहिणीलाही समोर बसवून ठरवावं. बहिणीचं शिक्षण भावाच्या स्वप्नासाठी थांबत असेल, तर तेही त्याच बैठकीत मोठ्यानं बोललं जावं. आणि सत्कार समारंभ भरवणाऱ्या अकादमींना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी व्यासपीठावर पहिल्या आलेल्याच्या शेजारी, चौथ्या अटेम्प्टनंतर गावी परतून दुसरं काम उभं केलेल्या एखाद्या मुलीला बसवा, आणि तिला अर्धा तास बोलू द्या.